सातची रिंग

माझ्या मायला घड्याळ कळायचं न्हाई. हे आधीच सांगून ठेवते, मागनं कुणी म्हणू नये की सांगितलं न्हाई. घरात भिंतीवर घड्याळ, नवऱ्याच्या मनगटावर घड्याळ, नवरा हायस्कुलात शिपाई, अख्ख्या गावाला टोल देणारा. पण मनकर्णाबाईंनी उभ्या आयुष्यात काट्याकडं बघितलं न्हाई. शेळ्या दावं ओढायला लागल्या की सकाळ, सावली उंबऱ्याला टेकली की भाकरीची येळ, आन देवापुढं दिवा लावावा वाटला की संध्याकाळ.

तिला ऐकूही येत नव्हतं. मी लहान असताना तिला क्षय झालता, त्याच्या इंजेक्शनांनी कान गेले. आमच्या ओठांवरनं ती सगळं ओळखायची, अन नको तेही ओळखायची. अण्णा, म्हंजी माझे वडील, तिला चिडवायला तोंडासमोर जाऊन विचारायचे, "किती वाजले सांग बरं." माय म्हणायची, "वाजले तेवढे वाजले. तुमी हाय की वाजवायला."

अण्णांचं एकदम उलटं. शाळेचा टोल जरा मागंपुढं झाला तर त्यांना दुपारचं जेवण जायचं न्हाई. शिरूर कासारच्या पुढं आमचं गाव. तिथं लोक म्हणायचे, बन्सीचा टोल झाल्याशिवाय सूर्याला उगवायची परवानगी न्हाई. सुट्टीच्या दिवशीही हा माणूस शाळेच्या येळेला उठून उभा राहायचा आन मंग आठवून परत खाली बसायचा.

मी बीडला बीएस्सीला हाय, फिजिक्स. गेल्या उन्हाळ्यात माझी निवड झाली, दोन महिने एका रेडिओ दुर्बिणीवर संशोधनाचं काम शिकायला. पुणे जिल्ह्यात, डोंगरांच्या मधी. आमच्या कॉलेजातनं मी एकटीच. गावात बातमी पोचली तशी आमच्या छबुकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या. छबुकाकू म्हंजी माझी चुलती, शेजारच्याच घरात राहती. "आभाळात दोन महिने काय बघायचं असतं बाई? आमी तर रोज बघतो. पाऊस न्हाई, एवढंच दिसतं."

मी जाणार नव्हते. मायच्या हृदयाची झडप खराब झालती. डॉक्टरांनी सांगितलतं, ऑपरेशन दसऱ्यानंतर करू, तवर जड काम नको, डोक्याला ताप नको. अशा बाईला सोडून मी कुठं जाऊ? मी स्वच्छ म्हणलं, जमणार न्हाई. तर माय अशी पेटली की बघायला नको. "तू न्हाई गेलीस तर मी गोळ्या बंद करते," म्हणली, आन गोळ्यांची पिशवी खुंटीवरनं काढून चुलीपाशी नेऊन ठेवली. ती बोलल्यासारखं करणारी बाई होती. मंग काय, नाक दाबलं की तोंड उघडतं. गेले.

पण जायच्या आधी मी एक अट घातली. मायकडं बटणाचा डबडा मोबाइल होता. फोनवर बोलायचं तर काई कामाचं न्हाई, एकदा बोलून बघितलतं. ती नुसती "हॅलो, हॅलो, कोण हाय, बाय तू हायस का" ओरडत राहिली, तिला माझं काई ऐकू येईना, आन शेवटाला रडायलाच लागली. म्हणून ठरलं, बोलायचं न्हाई. रोज दिवा लावला की तिनं मला एक रिंग द्यायची आन कापायचं. मी उचलायचं न्हाई. रिंग आली म्हंजी माय बरी हाय. ज्या दिवशी रिंग येणार न्हाई, त्या दिवशी मी बॅग भरणार, मंग तिकडं सूर्य हातात देत असले तरी थांबणार न्हाई.

काकूच्या सुरजनं मोबाइलमधी माझा नंबर दोनच्या बटणावर टाकला, आन मायला चुकू नये म्हणून दोनवर तिचीच एक लाल टिकली चिकटवली. कापायचं कवा, हे तिला कळंना, कारण रिंग तिला ऐकू येईना. मंग तिनंच उपाय काढला. "बटण दाबलं की मनात एकदा 'माझी बाय' म्हणते आन कापते," म्हणली. असली ही आमची व्यवस्था.

तिकडं दुर्बिणीपाशी मोबाइल चालत न्हाई. सकाळी फाटकावर बंद करून पेटीत ठेवायचा, संध्याकाळी परत घ्यायचा. कारण ती दुर्बीण कानासारखी हाय, लई बारीक ऐकती, आन एक साधा मोबाइल जवळ असला तर तिला आभाळातलं काईच ऐकू येत न्हाई. आमचे विजयसिंह सर, ज्यांच्या हाताखाली मी होते, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आधी पृथ्वी काढायला शिक. आकाश नंतर."

म्हंजी काय, तर दुर्बिणीत जे काई येतं त्यात निम्म्याहून जास्त आपलंच असतं. कुणाची विहिरीवरची मोटर, कुणाचं वेल्डिंग, कुणाचा मोबाइल. ते ओळखून बाजूला सारायचं आन उरलेलं आभाळाचं. ओळखायचं कसं, तर सर म्हणले, आकाशातली वस्तू रोज चार मिनिटं लवकर उगवते. तिला आपलं घड्याळ माहीत नाही. जे रोज आपल्या घड्याळाप्रमाणं ठरल्या वेळी येतं, ते माणसाचं. मला हे लई आवडलं. म्हणलं, माझी माय आभाळातली दिसती.

माझ्या वाट्याला एक तारा दिलता. हा तारा गरगर फिरतो आन दर फेरीला एक ठोका पाठवतो. माझ्या ताऱ्याला एक खोड होती. ठोके देता देता तो मधीच गप्प व्हायचा. गप्प झाला म्हंजी संपला असं न्हाई, थोड्या येळानं आपला परत सुरू. तो कितीदा गप्प होतो आन कितीदा बोलतो, हे मला शोधायचं होतं, आन शेवटच्या आठवड्यात सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं होतं. दिवसभर मी त्या ठोक्यांकडं बघत बसायची. संध्याकाळी फाटकावर मोबाइल घेतला की त्याच्याकडं बघत बसायची.

मायची रिंग आभाळासारखीच यायची. कधी उजेड असताना, कधी चांगला अंधार पडल्यावर. कधी अर्धीच वाजून कापायची, कधी दोनदा वाजायची. एकदा इतका उशीर झाला की मी खरंच बॅग काढून कपडे कोंबले, आन रिंग आली. नंतर कळलं, शेळी सुटून पळालती, तिला धरून आणल्यावर बाईसाहेबांनी दिवा लावला. रविवारी सुरजच्या मोबाइलवरनं तिचं तोंड दिसायचं. ती माझ्याशी बोलायची न्हाई, नुसती माझ्या तोंडाकडं बघून "वाळलीस" म्हणायची.

मे महिना संपत आलता. एका संध्याकाळी रिंग आली ती कापेचना. दोनदा वाजली, तीनदा, चारदा. मी हात पुढं केला, उचलावा का म्हणून. तेवढ्यात कापली. मी हसले. म्हणलं, कापायचं इसरली.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं रिंग सुधारली. मेसमधी आमी जेवायला बसायचो तवा टीव्हीवर सातच्या बातम्या सुरू व्हायच्या, आन त्या बातम्यांचं संगीत वाजलं की माझा मोबाइल वाजायचा. बरोबर एकदा. कापला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. माझ्या खोलीतल्या पोरी म्हणायच्या, तुझी आई तर घड्याळ हाय. मला इतका आनंद झाला की मी रविवारी अण्णांना फोन लावला आन विचारलं, "अण्णा, तुमी मायला घड्याळ शिकवलं का?"

अण्णांनी आधी शेळ्यांचं काईतरी सांगितलं. मंग म्हणले, "हां. शिकली."

मी सगळ्यांना सांगत सुटले. माझी माय घड्याळ शिकली. या वयात. पोरगी आभाळाकडं गेली म्हणल्यावर तिनंही काटे धरले. रविवारी काकूच्या फोनवर सुरजला म्हणलं, मायला दाखव, तर म्हणला, माझ्या मोबाइलचं डिस्प्ले फुटलं, बीडला टाकलंय. पुढच्या रविवारी म्हणला, अजून यायचंय. मी त्याला शिव्या घातल्या आन ठेवला. रिंग येत होती की. मला दुसरं काय पायजे होतं?

तिकडं माझं काम बऱ्यापैकी होत आलतं. जुलै उजाडला. मला वाटलं मला काईतरी मोठं सापडलं. माझा तारा जवा गप्प असायचा, त्या गप्प जागेत मला बारीक बारीक ठोके दिसायला लागले. म्हंजी तो गप्प होतच न्हाई, नुसता हळू बोलतो, असं मी मांडलं. रात्रंदिवस तेच डोक्यात. सरांना दाखवायला गेले तवा, खोटं कशाला बोलू, मनात मी छापून येणारं नावसुद्धा बघितलं.

सरांनी शांतपणे सगळं बघितलं. मंग वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे एकाखाली एक लावले. "हे बघ, सायली. तुझे ठोके रोज एकाच वेळी सुरू होतात. चार मिनिटं सरकत नाहीत. कुणाच्या तरी शेताच्या तारेच्या कुंपणाला झटके देणारं यंत्र असावं, टायमर लावलेलं." ते म्हणले, "वाईट वाटून घेऊ नकोस, सगळे फसतात. तुझा तारा गप्पच आहे. त्याच्या जागी दुसरंच कुणीतरी बोलतंय. घड्याळ बघून."

मी हो म्हणलं. कॉम्प्युटर बंद केला. फाटकावर मोबाइल घेतला. मेसमधी जाऊन ताट घेतलं, बसले. आन एकाएकी सरांचं शेवटचं वाक्य परत कानात वाजलं, घड्याळ बघून. मोबाइल ताटाजवळ ठेवला होता. बातम्यांचं संगीत लागायच्या आधीच माझा हात त्याच्याकडं गेलता, कारण मला माहीत होतं आता येणार. आली. एकदा वाजली, कापली.

माझी माय कधीच येळेवर नव्हती.

आमच्या घरात घड्याळ बघून टोल देणारा एकच माणूस हाय. मी मायच्या नंबरला उलटा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मंग अण्णांच्या नंबरला लावला, तो लगेच उचलला.

"हां सायली."

"अण्णा, मायला समोर बसवा. सुरजला बोलवा, तिचं तोंड दाखवा मला."

"झोपली ती."

"आत्ता तिची रिंग आली की."

मागं काकूची म्हैस ओरडल्याचं ऐकू आलं. मी म्हणलं, "अण्णा, माय कुठं हाय?"

ते म्हणले, "तुझं काम झालं का, बाय?"

मी फोन ठेवला. बॅग भरली. सरांना जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं आन निघाले. नगरला गाडी बदलली, पाथर्डीवरनं शिरूरला आले. सगळी वाट मी एकच गोष्ट घोकत होते, की दवाखान्यात असंल. ऑपरेशन अचानक करावं लागलं असंल. माणूस मरण सोडून सगळं मानायला तयार असतो.

सकाळी घरी पोचले तर अण्णा दारात. खाकी कपडे, हातात टोपी, शाळेला निघालेले. माझ्याकडं बघून थिजले. टोपी डोक्यावर नव्हती म्हणून दिसलं. अण्णांचे कानापर्यंतचे दाट केस गेलते, डोक्यावर नुसते बोटभर नवे फुटलेले. आन मिशी, ज्या मिशीला माय खोबऱ्याचं तेल लावू द्यायची न्हाई, वास येतो म्हणायची, ती मिशी नव्हती. नवी खुंटं होती.

आमच्यात बाप्या माणूस मिशी कवा काढतो हे पोराटोरालाही माहीत हाय.

माझ्या हातातनं बॅग पडली. अण्णा म्हणले, "काम टाकून कावून आलीस?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी बापाला काय काय बोलले ते सगळं सांगत न्हाई. "तुमी माझ्या मायचं तोंड मला बघू दिलं न्हाई," हे बोलले. "परक्याच्या पोरीलाही माणूस निरोप धाडतो," हे बोलले. "मेलेल्या बाईच्या मोबाइलवरनं खेळ केला माझ्याशी," हेही बोलले. गल्ली जमा झाली. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. शेवटी म्हणले, "टोल हाय," आन टोपी घालून चालायला लागले. मला वाटलं, ह्या माणसाच्या छातीत टोलाचाच तुकडा बसवलाय.

छबुकाकूनं मला धरून आत नेलं. मी मायचा पलंग बघितला, खुंटीवरची गोळ्यांची पिशवी बघितली, आन मंग जी रडले. काकू पाठीवरनं हात फिरवत राहिली. रडणं ओसरल्यावर तिनं सांगितलं.

"दिवा लावला तिनं. तुला रिंग दिली. मी समोरच होते, भाकरीचं पीठ मागायला आलते. मोबाइल हातात घेऊन बसली ती बसलीच. मी खुणेनं म्हणलं, काप की आता. तवा कापली. मंग भिताडाला टेकली आन म्हणली, छबे, जरा पाणी दे. मी पाणी आणस्तोवर मान कलली. शिरूरला नेलं, डॉक्टरनं हात वर केले."

चारदा वाजलेली ती रिंग. कापायचं इसरली म्हणून मी हसले होते. रोज मनात एकदा "माझी बाय" म्हणायला तिला जेवढा येळ लागायचा, त्यापेक्षा त्या दिवशी जास्त लागला.

"भावजी तुला लगेच बोलवणारच होते गं," काकू म्हणली. "रातच्याला एकटी पोर कुठं निघंल म्हणून थांबले, सकाळी उठून तुला फोनवर फोन. तुझा बंद. तिकडचा दुसरा नंबर कुणाकडं न्हाई. ऊन तर असं, की दुपारपर्यंत ठेवणं जमंना. माणसं म्हणली, आटपा. आटपलं. मंग संध्याकाळी भावजी तिचा मोबाइल घेऊन बसले, सात वाजता पोरीचा फोन चालू असतो म्हणले, आता सांगतो. बटण दाबलं. एकदा वाजली आन त्यांनी कापला. मी म्हणलं, कावून कापला? तर म्हणले, छबू, तोंडातनं शब्द फुटंना. उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी परत तेच. रोज सांगायला बसायचे आन एक रिंग झाली की कापायचे."

म्हंजी ती फसवणूक नव्हती. ते सांगणं होतं, न जमलेलं. मी ते माय बरी हाय असं वाचत होते, आन जेवून निवांत झोपत होते.

"मंग दहाव्याला," काकू म्हणली, आन जरा थांबली. "सिंदफणा नदीवर पिंड ठेवलं. कावळे बाभळीवर बसून, पण एक खाली उतरंना. सुरजनं हात जोडले, काकी, तुझ्या शेळ्या इकणार न्हाई. न्हाई आला. तुझा मामा म्हणला, अक्का, वर्षश्राद्धाला सगळे येऊ. न्हाई आला. ऊन चढलं. मी म्हणलं, हिचा जीव पोरीत अडकलाय, पोरीला बोलवा. सगळे म्हणले, सायलीला आज बोलवतो, पिंड घे. कावळा हलंना. तवा भावजी पुढं आले. म्हणले, मनकर्णा, पोरीला बोलवत न्हाई. तिचं काम पुरं होईस्तोवर तिला कळूही देत न्हाई. शब्द हाय माझा. आन बघ बाई, हे तोंडातनं निघायला आन कावळा पिंडावर यायला एकच गाठ पडली."

मी काकूकडं बघत राहिले. मी फिजिक्सची पोरगी. कावळ्याला भूक लागली असंल. ऊन उतरलं असंल. माणसं जरा मागं सरकली असतील. माझ्या मायच्या मरणाची खबर मला द्यायची का न्हाई, हे एका कावळ्यानं ठरवलं, ह्याचा मला इतका संताप आला की भिंतीवर डोकं आपटावं वाटलं. आन त्याच संतापात मला हेही कळत होतं, की मायला जिवंतपणी विचारलं असतं तर ती हेच म्हणली असती. पिशवी घेऊन चुलीपाशी जाऊन उभी राहिली असती.

"त्याच्यानंतर भावजींनी रिंग तेवढी चालू ठेवली, तुला कळू नये म्हणून, आन घरोघर फिरले," काकू म्हणली. "हात जोडून. चौकात बॅनर नको, मोबाइलवर तिचा फोटो टाकू नका, पोरगी बघंल. आपल्या गावात कुणाची म्हातारी खोकली तरी स्टेटस लागतं, ठाऊक हाय ना तुला. पण एकानं टाकला न्हाई. ज्यांनी आधी टाकलता त्यांनी काढला. सुरजच्या मोबाइलला काय धाड भरली न्हाई, त्याला खोटं बोलता येईना म्हणून फुटला सांगितलं."

ज्या गावात सकाळी शिंकलं तर दुपारी शेजारच्या गावातनं औषध येतं, त्या गावानं महिनाभर तोंडाला कुलूप लावलतं. माझ्यासाठी. मला त्यांचा राग यायचा तर न्हाईच आला, लई एकटं वाटलं. सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून.

तेवढ्यात काकू उठून दारात गेली. "गं बाई, शाळेचा टोल न्हाई झाला अजून."

पोरं शाळेच्या अंगणात नुसती हिंडत होती. सुरज पळत गेला. नंतर त्यानं सांगितलं, अण्णा टोलाखाली हातोडा घेऊन बसून होते, टोपी मांडीवर, आन घड्याळाकडं बघत होते. सुरजनं हाताला धरलं तवा उठले आन टोल दिला. गावात बन्सीचा टोल पहिल्यांदा चुकला.

दुपारी अण्णा आले, जेवले न्हाईत. मीही जेवले न्हाई. मी शेळ्यांना पाणी दाखवलं, मायच्या लुगड्यांची घडी मोडली आन परत घातली. अण्णा एकदाच बोलले, माझ्याकडं न बघता. "मी तिला शब्द दिलता. तुझं काम पुरं होईस्तोवर. तो बी मोडला माझ्या हातनं." मला म्हणायचं होतं की तुमच्या घड्याळानं मोडला, एक दिवस उशीर केला असता तर मला कळलं नसतं. पण त्यांच्या त्या बोडक्या डोक्याकडं बघून मला ते बोलवलं न्हाई.

सावली उंबऱ्याला टेकली, पुढं सरकली. काकूनं येऊन देवापुढं दिवा लावला आन गेली. मी ओट्यावर बसलते, मोबाइल मांडीवर, सरांचा मेसेज वाचत होते. त्यांनी लिहिलतं, घाई नको, पण सोमवारी सगळ्यांपुढं बोलायचं जमलं तर ये, तुझी जागा ठेवतो. अण्णा आत मायच्या जागेवर बसलते, भिताडाला टेकून. दार उघडंच होतं.

माझा मोबाइल वाजला. वर नाव आलं, माय.

मी मान वळवली. अण्णांच्या हातात तो डबडा मोबाइल, अंगठा लाल टिकलीवर. सात वाजलते. हाताला सवय लागलती, त्यानं बटण दाबलं. मी घरात हाय, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं न्हाई. एक रिंग झाली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं आन ते तसेच राहिले, त्यांना कापताच येईना. दुसरी झाली. तिसरी झाली.

मी उचलला.

"माय," मी म्हणलं. आन माझा आवाज फुटला, पण मी थांबले न्हाई. "माय, मी घरी हाय. तुझी शेवटची रिंग मला मिळाली. मी उचलणार होते गं."

अण्णांनी हळूच तो मोबाइल कानाला लावला. मायनं एकदा हॅलो हॅलो करून बघितलं, त्यानंतर त्या मोबाइलला कुणी कान लावला नव्हता.

"माझा तारा गप्प झालता, माय. मला वाटलं बोलतोय. माझं चुकलं. आता ते सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं राहिलंय, तेवढंच. सकाळच्या गाडीनं जाते. काम पुरं करते. अण्णांचा शब्द मोडला न्हाई म्हणावं."

अण्णा दारातनं माझ्याकडं बघत नव्हते, खाली बघत होते. खांदे हलत होते. मला तिथनंही ऐकू आलं आन कानातल्या मोबाइलमधूनही, दोनदा.

"जा," ते म्हणले. "जा, माझी बाय."

मंग आमी दोघं तसेच बसून राहिलो, मोबाइल कानाला लावून. कापायचं कुणी, ते आमाला कळंना.